डॅट कॅसेटींमधले गाणे संगणकात डिजिटल मार्गानेच उतरवायचे आहे: जोडणी कशी करावी?

तंबोरा_मिरज यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझे वडील हौशी ध्वनिमुद्रक होते. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी जी संगीतसभा रात्र रात्र चालते तिथे, आणि गावातल्या घरगुती बैठकांतही, ते कलाकारांची परवानगी घेऊन आपले यंत्र मांडून कोपऱ्यात बसत. साध्या कॅसेटवर समाधान होईना म्हणून त्यांनी १९९० नंतर डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, हा प्रकार धरला, आणि आता त्यांच्या मागे ६३ डॅट कॅसेटी, ७ मिनीडिस्क (ध्वनिमुद्रणाच्या छोट्या डिस्क) आणि टेबलावर ठेवायचा एक डॅट डेक एवढा ठेवा माझ्याकडे आला आहे. डेक चालू आहे. कॅसेट आत घेतो, फिरवतो आणि हेडफोनवर स्वच्छ आवाज देतो. प्रत्येक डबीवर वडिलांनी पेन्सिलीने तारीख, राग, गायकाची पट्टी आणि कोपऱ्यात ४८ किंवा ३२ असा एक आकडा लिहिला आहे. त्या आकड्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

आतापर्यंत मी दोन प्रयत्न केले आणि दोन्ही फसले. पहिल्यांदा डेकच्या हेडफोन जॅकमधून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर टाकली, तर आवाज एकाच बाजूचा आला, वरच्या षड्जावर फाटू लागला आणि तानपुऱ्यापेक्षा खरखर जास्त ऐकू आली. नंतर डेकच्या मागे 'डिजिटल आउट' असे लिहिलेली दोन ठिकाणे दिसली: एक नेहमीचे गोल आरसीए पिनचे आणि एक छोटे चौकोनी झाकणाचे. दुकानदाराने चौकोनी जागेसाठी ऑप्टिकल वायर दिली आणि माझ्या डेस्कटॉपच्या मागे तसेच चौकोनी भोक आहे, तिथे लावा, असे सांगितले. वायर दोन्हीकडे टक् करून बसली, पण संगणकात आवाजाचा टिपूस नाही.

माझा मूळ प्रश्न असा आहे की कॅसेटवर ध्वनी आधीच आकड्यांच्या रूपात असेल, तर तेच आकडे जसेच्या तसे संगणकात घेण्याची काही सोय आहे का, आणि असल्यास मला नेमके काय विकत घ्यावे लागेल? मिनीडिस्कचे काय करावे हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

घाईवाला यांचे उत्तर

माझे मत कदाचित इथल्या जाणकारांना रुचणार नाही, तरी सांगतो. डिजिटल मार्गाच्या शोधात महिने घालवू नका. डॅट डेक दुरुस्त करणारा माणूस आता मिळणे कठीण आहे, आणि सोनीनेसुद्धा ही यंत्रे बनवणे २००५ मध्ये थांबवले. तुमचा डेक आज चालतो आहे म्हणजे पुढच्या पावसाळ्यातही चालेल असे नाही. हेडफोन जॅक आणि माइकचे भोक ही जोडी चुकीची होती, एवढीच तुमची चूक झाली. डेकच्या मागचे लाइन आउट (आवाज साध्या विद्युत्लहरीत बाहेर देणारी जागा) एखाद्या बऱ्या यूएसबी साउंड कार्डाच्या लाइन इनमध्ये जोडा, २४ बिटवर (म्हणजे बारीक मोजमापावर) घ्या आणि मोकळे व्हा. तो फरक माझ्या कानांना तरी कळत नाही.

जुना_रेकॉर्डिस्ट यांचे उत्तर

वरच्या उत्तरातली घाई रास्त आहे, पण निष्कर्ष पटत नाही. डॅटवरचे आकडे डेकमध्ये पुन्हा विद्युत्लहरीत बदलायचे, त्या तारेतून न्यायच्या आणि संगणकात शिरताना त्यांचे पुन्हा आकडे करायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? त्यात प्रत्येक कॅसेटला लेव्हल लावत बसा, घरातल्या अर्थिंगची घुमघुम ऐका आणि एवढे करून मूळ नव्हे तर मुळाची नक्कल हाती घ्या. तुमच्या डेकला डिजिटल आउटपुट आहे. त्यातून जे बाहेर पडते त्याला एसपीडिफ म्हणतात आणि ते टेपवरचेच आकडे असतात.

आधी दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल. डेस्कटॉपच्या मदरबोर्डावर मागच्या बाजूला जे चौकोनी ऑप्टिकल भोक असते ते जवळजवळ नेहमी आउटपुट असते. संगणकाचा आवाज होम थिएटरला पाठवण्यासाठी ते दिलेले असते. तुम्ही दोन आउटपुट एकमेकांना जोडलेत, म्हणजे दोन नळ समोरासमोर लावले. याची खात्री घरच्या घरी करता येते. वायरीच्या टोकावरची प्लास्टिकची बारीक टोपणे काढा (ती तशीच राहिल्यामुळे रात्र वाया घालवलेले लोक मी पाहिले आहेत), तिचे एक टोक डेकमध्ये लावा, टेप चालू करा आणि दुसरे टोक तळहातासमोर धरा. तळव्यावर लाल ठिपका उमटला तर डेक प्रकाश पाठवतो आहे. आता तेच टोक बाजूला ठेवून मदरबोर्डाच्या भोकात पाहा. तिथेही लाल उजेड दिसत असेल, तर ते भोक बोलणारे आहे, ऐकणारे नाही.

तुम्हाला डिजिटल इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात नेणारी डबी, लागेल, आणि इथे खरेदीत फसगत फार होते. खोक्यावर 'एसपीडिफ' किंवा 'ऑप्टिकल' एवढेच वाचून घेऊ नका, त्यापुढे 'इन' आहे का ते पाहा. उदाहरणार्थ, बेहरिंगरच्या यूसीए २०२ या स्वस्त आणि लोकप्रिय डबीवर ऑप्टिकल आहे, पण ते फक्त आउटपुट. फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेत २आय२ ला डिजिटल इनपुट अजिबात नाही, १८आय८ ला मात्र कोएक्शियल, म्हणजे गोल आरसीए पिनचे, एसपीडिफ आहे. नवीनच घ्यायला हवे असे नाही. जुन्या बाजारात कोएक्शियल इनपुटचे इंटरफेस मिळतात, कारण लोकांना ते भोक कशासाठी आहे हेच आता ठाऊक नसते. फक्त तुमच्या संगणकावर त्याचा ड्रायव्हर चालतो ना, हे पैसे देण्याआधी तपासा.

तुमच्या डेकवर दोन्ही प्रकारचे आउटपुट असल्यामुळे मी कोएक्शियल वापरेन. त्याला ७५ ओहमची वायर लागते आणि ती बहुधा तुमच्या माळ्यावरच्या खोक्यात पडलेली असेल: जुन्या डीव्हीडी प्लेयरबरोबर लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या पिनांची वायर येत असे, त्यातली चित्राची पिवळी वायर ७५ ओहमचीच असते आणि मीटर-दीड मीटरच्या अंतराला ती उत्तम चालते. लाल-पांढरी वापरू नका. कधी चालते, कधी चालत नाही, आणि न चालण्याचे कारण शोधण्यात रविवार जातो.

डबीवरच्या आकड्यांबद्दल: तुमचे वडील शिस्तीचे होते. डॅट हे यंत्र १९८७ मध्ये बाजारात आले तेव्हापासून त्यात सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो आकडा, निवडण्याची सोय आहे. ४८ म्हणजे ४८ किलोहर्ट्झ आणि १६ बिट, ही नेहमीची पद्धत. ३२ म्हणजे ३२ किलोहर्ट्झ, आणि तिथे बहुधा लाँग प्ले असणार, ज्यात नमुने १२ बिटांत बसवतात, टेप निम्म्या वेगाने जाते आणि दोन तासांच्या कॅसेटवर चार तास मावतात. रात्रभराच्या मैफिलीत नेमक्या द्रुत बंदिशीच्या वेळी टेप संपू नये म्हणून त्यांनी हे केले असावे. तूर्त ४८ च्या कॅसेटींपासून सुरुवात करा.

डेक हाताळताना दोन गोष्टी सांभाळा. आतला हेडचा ड्रम मिनिटाला २००० फेरे घेतो, तर टेप मात्र सेकंदाला जेमतेम ८ मिलिमीटर सरकते; अशा ठिकाणी ओलावा आला की टेप ड्रमला चिकटते. एसीच्या खोलीतून डेक बाहेर काढल्याबरोबर कॅसेट घालू नका, तासभर जाऊ द्या. आणि वर्षानुवर्षे न फिरवलेली प्रत्येक कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा, म्हणजे सैल-घट्ट झालेली गुंडाळी एकसारखी होईल. खिडकीतून पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट डेकमध्ये अजिबात घालू नका, कारण एक कॅसेट ड्रम खराब करते आणि त्याचा त्रास उरलेल्या बासष्टींना होतो.

मिनीडिस्कवाली यांचे उत्तर

मिनीडिस्कपुरते सांगते. सोनीने हा प्रकार १९९२ मध्ये आणला तेव्हाच त्यात आवाज दाबून बसवलेला होता. सेकंदाला सुमारे २९२ किलोबिट, म्हणजे सीडीच्या साधारण पाचवा हिस्सा. खिशातल्या मिनीडिस्क रेकॉर्डरला सहसा डिजिटल आउटपुट नसते, आणि पुढे यूएसबीवाली यंत्रे आली तरी सुरुवातीच्या यंत्रांत गाणी संगणकातून आत जात, स्वतः रेकॉर्ड केलेले बाहेर येत नसे. जुन्या डिस्कमधले रेकॉर्डिंग यूएसबीने बाहेर देणारे सोनीचे एमझेड-आरएच१ हे यंत्र २००६ मध्ये आले, पण आज त्याची किंमत ऐकून तुम्ही मिनीडिस्क विसराल. ऑप्टिकल आउटपुटचा टेबलावरचा मिनीडिस्क डेक कोणाकडून आठवड्यासाठी उसना मिळाला तर सर्वात बरे. नाहीच मिळाला तर सातच डिस्क आहेत, लाइन आउटमधून घ्या. इथे मी घाईवाल्यांच्या बाजूने आहे.

तंबोरा_मिरज यांचे उत्तर

आपल्या सर्वांच्या सूचना छापून डेकशेजारी ठेवल्या आहेत. तळहातावर लाल ठिपका दिसला आणि मदरबोर्डाच्या भोकातही दिसला, तेव्हा दोन नळांची उपमा पुरती पटली. कोएक्शियल इनपुट असलेला एक जुना यूएसबी इंटरफेस ओळखीतून मिळाला आणि पिवळी वायर खरोखरच माळ्यावर सापडली. ऑडासिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये लहर उमटताना पाहून आईने पाच मिनिटे काही बोलणे केले नाही.

मात्र दोन अडचणी आल्या. पहिल्या कॅसेटमध्ये आवाज नितळ होता, पण मधूनच टिक्, टिक् असा बारीक आवाज येत राहिला. हेडफोन थेट डेकला लावला तर तो नाही, म्हणजे दोष कॅसेटचा नाही. मग इंटरफेसच्या पॅनेलमध्ये शोधाशोध करताना 'इंटर्नल' आणि 'एक्स्टर्नल' असे दोन पर्याय दिसले, त्यातला दुसरा निवडला आणि टिकटिक थांबली. पण आता गाणेच उतरले! डबीवर वडिलांनी 'काळी १' असे लिहिले आहे, आणि मी पेटी काढून ताडून पाहिले तर संगणकात घेतलेला षड्ज काळी एकच्या खालची पांढरी एक आणि तिच्याही खालची पांढरी सात यांच्या मधोमध कुठेतरी बसतो आहे. भावाचे म्हणणे असे की इतक्या वर्षांनी टेप ताणली गेली असेल. असे होते का?

जुना_रेकॉर्डिस्ट यांचे उत्तर

टेप ताणली गेलेली नाही, निश्चिंत राहा. साध्या कॅसेटमध्ये सूर टेपच्या वेगावर अवलंबून असतो, म्हणून तिथे ताण, सैल रबर, मंदावलेली मोटर यांनी पट्टी बदलते. डॅटमध्ये सूर यंत्रातल्या स्फटिकाच्या ठोक्यावर ठरतो. टेप बिघडली तर आवाज तुटेल, दाणेदार होईल किंवा गप्प होईल, पण दीड पट्टी खाली येणार नाही.

टिकटिकीचे कारण मी आधीच लिहायला हवे होते. ते राहून गेले हा माझा दोष. डेकमध्ये एक घड्याळ आहे आणि इंटरफेसमध्ये दुसरे. दोन्ही सेकंदाला ४८,००० ठोके देतो म्हणतात, पण त्यांच्यात दहा लाखांत ५० एवढा जरी फरक असला तरी दर सेकंदाला दोन-अडीच नमुने शिल्लक पडतात किंवा कमी पडतात, आणि इंटरफेस ते टाकतो किंवा भरतो तिथे टिक् ऐकू येते. तबल्याचा एकल वादक लेहऱ्याच्या (तालाचे आवर्तन दाखवत राहणाऱ्या धुनेच्या) मागे जातो, लेहरेवाल्याने आणि त्याने आपापली लय धरली तर समेवर भेट होत नाही. तसेच इथे डेकने लेहरा धरायचा आणि इंटरफेसने मुकाट्याने त्याच्या मागे जायचे. 'एक्स्टर्नल' निवडल्याने तुम्ही नेमके हेच केले.

मग पट्टी का उतरली? कारण इंटरफेस आता ४८ च्या ठोक्यावर चालला आहे, पण ऑडासिटीचा सॅम्पल रेट ४४.१ वरच राहिला असणार. सेकंदाला ४८,००० नमुने आले आणि फाइलवर चिठ्ठी लागली ४४,१०० ची, म्हणून वाजवताना ते सावकाश वाजतात. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराने स्वर जवळजवळ दीड पट्टी खाली येतो, म्हणजे काळी एकवरून तुम्ही म्हणता त्याच ठिकाणी. वेळही तपासा, तासाभराचे गाणे ६५ मिनिटांचे झालेले दिसेल. तुमच्या वडिलांनी पट्टी लिहून ठेवली नसती, तर सगळ्या कॅसेटी तशाच भरल्या गेल्या असत्या आणि गायक वयाने थकले होते असे कोणीतरी लिहून मोकळे झाले असते.

ऑडासिटीचा प्रोजेक्ट रेट ४८,००० करा. विंडोजमध्ये ध्वनीच्या सेटिंग्जमध्ये त्या इनपुटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तिथलाही डिफॉल्ट फॉरमॅट ४८,००० करा, नाहीतर विंडोज न विचारता मध्येच रूपांतर करते. आवाजाच्या 'एन्हान्समेंट' बंद ठेवा आणि रेकॉर्डिंगची लेव्हल शंभर टक्क्यांवर ठेवून तिला विसरा. डिजिटल मार्गात कमी-जास्त करण्यासारखे काही नसते. शेवटी एक बारकावा: १६ बिटची वेव्ह फाइल काढताना ऑडासिटी मूळ सेटिंगप्रमाणे 'डिदर' नावाचा अतिसूक्ष्म गोंगाट मिसळते. इतर वेळी तो उपयोगाचा, पण तुम्हाला आकडे जसेच्या तसे हवे आहेत, म्हणून प्रेफरन्सेसमध्ये जाऊन तो 'नन' करा. तासाला साधारण ६९० मेगाबाइट जागा लागेल. फ्लॅकमध्ये ठेवलेत तर जागा बरीच वाचेल आणि एक आकडाही हरवणार नाही. एमपी३ फक्त नातेवाइकांना पाठवण्यासाठी.

तंबोरा_मिरज यांचे उत्तर

षड्ज काळी एकवर आला. भावाला पेटीवर वाजवून दाखवले.

आज ३२ लिहिलेली पहिली कॅसेट लावली. डेकवर ती व्यवस्थित वाजते, पण इंटरफेसवरचा 'लॉक'चा (डेकशी ठोका जुळल्याचा) हिरवा दिवा, जो एरवी स्थिर असतो, तो नुसता लुकलुकतो आणि संगणकात काहीच येत नाही. अशा ११ कॅसेटी आहेत आणि दुर्दैवाने दर्ग्यातले जवळजवळ सगळे त्यांतच आहे.

घाईवाला यांचे उत्तर

माझी पाळी आली म्हणायची. आजचे बरेच इंटरफेस ४४.१ पासून वरचेच रेट ओळखतात, ३२ ला ते दाद देत नाहीत. ३२ वर लॉक होणारे एखादे जुने कार्ड मिळेलही, पण त्याच्या शोधात डेकचे आयुष्य घालवू नका. या ११ कॅसेटी लाइन आउटमधून घ्या. ३२ किलोहर्ट्झच्या ध्वनिमुद्रणात १६ किलोहर्ट्झच्या वरचे काही असूच शकत नाही आणि नमुने १२ बिटांचे आहेत. २४ बिटचे लाइन इन त्यातले जे आहे ते सगळे आरामात सामावून घेते. इंटरफेस पुन्हा 'इंटर्नल'वर न्यायला मात्र विसरू नका. लेव्हल लावताना टाळ्या किंवा तबल्याची पहिली थाप ऐकून सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि मग चार तास हात लावू नका.

जुना_रेकॉर्डिस्ट यांचे उत्तर

इथे मी मुकाट्याने मान्य करतो. फक्त त्या ११ मूळ कॅसेटी टाकून देऊ नका. ३२ ओळखणारे कार्ड मला मिळाले तर मी कळवीन.

तंबोरा_मिरज यांचे उत्तर

तीन महिन्यांनी लिहीत आहे. ४८ च्या ५२ पैकी ५० कॅसेटी डिजिटल मार्गाने उतरल्या, दोघींना बुरशी असल्याने त्या डबीतच आहेत. ३२ च्या सगळ्या लाइन आउटमधून घेतल्या.

आकडे खरोखरच जसेच्या तसे येतात का, हे पाहण्यासाठी एक प्रयोग केला, तो इतरांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. एकच कॅसेट दोनदा उतरवली, दोन्ही लहरी नमुन्याला नमुना जुळवून ठेवल्या, एक उलटी केली आणि दोन्ही एकत्र मिसळल्या. आकडे सारखे असतील तर बेरीज शून्य यायला हवी, आणि तशी आली: पडद्यावर तासभराची एक सरळ रेघ. फक्त ४१व्या मिनिटाला तिच्यावर मोहरीएवढा एक उंचवटा होता. तिथे टेप खराब आहे आणि डेकने गेलेले नमुने दोन्ही वेळा अंदाजाने भरले, पण वेगवेगळे. दोन्ही ऐकून पाहिले. पहिल्या खेपेला मींड तुटते, दुसऱ्या खेपेला तुटत नाही. तेवढा अर्धा सेकंद दुसऱ्या खेपेतून घेऊन पहिल्यात बसवला आहे आणि फाइलच्या नावापुढे तसे लिहून ठेवले आहे.